अंतर जमिनीचं, वेळ वाऱ्याचा

लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाचं वेळापत्रक पाहिलं तर प्रवासाला साधारण आठ तास दाखवलेले असतात. परतीच्या प्रवासाला सात. दोन्ही विमानतळ जागचे हललेले नाहीत. अंतर जाताना सुमारे ५,५४० किलोमीटर आहे आणि येतानाही तेवढंच. विमानसुद्धा बहुतेक वेळा त्याच बनावटीचं असतं. मग हा एक तास जातो कुठे?

दूरच्या दोन विमानतळांची नावं टाकून शोध घेतला की ‘हवाई अंतर’ आणि ‘प्रवासाचा वेळ’ असे दोन आकडे शेजारीशेजारी समोर येतात. शेजारी दिसतात म्हणून एकातून दुसरा निघत असावा असं आपण धरून चालतो. शाळेत आगगाडीची गणितं तशीच तर सोडवली: अंतराला वेगाने भागा, वेळ मिळेल. आगगाडीला ते लागू पडतं, कारण तिच्याखालचे रूळ जागेवर असतात. विमानाखाली रूळ नाहीत. ते ज्या हवेत उडतं ती हवाच वाहत असते. अंतराचा आकडा पृथ्वीच्या आकारावरून ठरतो आणि वर्षानुवर्षं तोच राहतो. वेळाचा आकडा त्या दिवशीचं आकाश ठरवतं.

आधी अंतराचं पाहू, कारण तिथेही डोळे फसतात.

नकाशावरची सरळ रेघ

सिडनी आणि चिलीची राजधानी सँटियागो ही दोन शहरं घ्या. दोन्ही दक्षिण गोलार्धात, दोन्हींचे अक्षांश ३३ ते ३४ अंशांच्या मध्ये. भिंतीवरच्या नकाशात सिडनीवर बोट ठेवून उजवीकडे सरळ आडवं नेलं की प्रशांत महासागर ओलांडून बोट थेट सँटियागोवर येतं. यापेक्षा जवळचा रस्ता असेल असं वाटतही नाही. पण या आडव्या रस्त्याची लांबी भरते सुमारे १२,८०० किलोमीटर, आणि प्रत्यक्षातला सर्वांत जवळचा रस्ता आहे सुमारे ११,३४० किलोमीटरचा. सुमारे १,४५० किलोमीटरचा फरक, म्हणजे दीड तासाहून जास्त उड्डाण. हा जवळचा रस्ता सिडनीहून निघाल्यावर खाली दक्षिणेकडे झुकतो, मध्यावर ६२ अंश दक्षिण अक्षांशापर्यंत, म्हणजे अंटार्क्टिकाच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि मग पुन्हा वर चढत सँटियागोला पोचतो. या मार्गावरच्या प्रवाशांना खिडकीतून कधीकधी समुद्रातला बर्फ दिसतो तो यामुळेच.

वाचून पटत नसेल तर पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक सिडनीवर धरा, दुसरं सँटियागोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप दक्षिणेकडे सरकतो. आडव्या अक्षवृत्तावर त्याला बळजबरीने बसवायला गेलात तर तो सैल पडतो. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत छोटी वाट शोधतो आणि गोलावरची ही वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा एक तुकडा. भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द भेटलेला असतो. पृथ्वीच्या मध्यबिंदूतून जाणारा काप घेतला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं ते बृहद्‌वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त, समोरासमोरची दोन रेखावृत्तं जोडली की दुसरं. बाकीची अक्षवृत्तं मात्र बृहद्‌वृत्तं नव्हेत, ती ध्रुवाकडे लहान लहान होत जातात. सिडनी ते सँटियागो ही आडवी वाट लांब पडते ती म्हणूनच.

नकाशा खोटं बोलत नाही, तो फक्त वेगळ्या कामासाठी बनवलेला आहे. भिंतीवर सहसा दिसतो तो नकाशा जेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तयार केलेल्या पद्धतीचा. तो दर्यावर्दींसाठी होता. त्यावर सरळ रेघ मारली की होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज मुक्कामी पोचवता येतं. या सोयीच्या बदल्यात ध्रुवांकडचे प्रदेश प्रचंड ताणले जातात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसू लागतो, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. जमीनच ताणली गेल्यावर तिच्यावरच्या वाटाही वाकड्या दिसणारच. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग कमानीसारखा दिसतो, लंडनहून लॉस एंजेलिसला जाताना खाली अचानक ग्रीनलंडचा बर्फ येतो, तेव्हा विमान वळसा घेत नसतं. ते सरळच चाललेलं असतं, वाकलेला असतो तो नकाशा.

या सरळ वाटेची एक गंमत अशी की तिच्यावरून जाताना होकायंत्रावरची दिशा सतत बदलावी लागते. १९२७ च्या मे महिन्यात अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने विमान उडवत न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला, सुमारे ५,८०० किलोमीटर, साडेतेहतीस तास. निघण्याआधी त्याने बृहद्‌वृत्ताची वाट कागदावर आखली, तिचे सुमारे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले आणि दर तासाला कोणत्या दिशेला वळायचं ते लिहून ठेवलं. आजचा संगणक हेच काम दर क्षणी करतो. पण कागद, पट्टी आणि होकायंत्र घेऊन हे गणित करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

अंतर काढायचं कसं

याचं सूत्र त्रिकोणमितीतलं आहे, पण कल्पना सोपी आहे. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून दोन्ही विमानतळांकडे एकेक रेघ काढली असं समजा. त्या दोन रेघांमध्ये जो कोन होतो, त्याच्या प्रत्येक अंशाला पृष्ठभागावर सुमारे १११.२ किलोमीटर अंतर पडतं, कारण पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटरचा घेर ३६० अंशांत वाटला गेलेला आहे. अक्षांश-रेखांशांवरून तो कोन शोधणं एवढंच सूत्राचं काम.

एक जोडी अशी आहे जिचा कोन सूत्राशिवायही काढता येतो. सिंगापूर आहे १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क जवळपास ७४ अंश पश्चिमेवर. दोन्हींची बेरीज १७८, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्तुळ. याचा अर्थ दोन्ही शहरं पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंवर आहेत आणि त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला जवळजवळ स्पर्श करून जाते. आता फक्त बेरीज उरते. सिंगापूर १.४ अंश उत्तरेला, म्हणजे तिथून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६ अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून खाली ४९.४ अंश. एकूण १३८. त्याला १११.२ ने गुणा: १५,३४६ किलोमीटर. छापील आकडा आहे १५,३४९. तीन किलोमीटरची चूक, तीही पृथ्वी अगदी गोल धरून केलेल्या हिशेबात.

पृथ्वी खरं तर अगदी गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आणि ध्रुवांवरून मोजलेला ४०,००८. म्हणून गोल धरून काढलेलं अंतर आणि चपटेपणा धरून काढलेलं अंतर यांत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर बहुतेकदा कारण एवढंच असतं. मैल पाहताना मात्र जपा. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा आणि विमानवाल्यांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. न पाहता एकाच्या जागी दुसरा धरला तर १५ टक्क्यांचा घोळ होतो.

वाहत्या हवेतली नाव

आता वेळाकडे. एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो हुशार माणसांच्याही डोक्यात असतो: पृथ्वी खाली फिरते आहे, मग विमान हवेत असताना मुक्कामाचं शहर त्याच्याकडे सरकत येत नाही का? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने. हे फिरणं असं मोजलं गेलं असतं तर पश्चिमेला जाणारी विमानं चटकन पोचली असती, शहर समोरून धावत आलं असतं. वेळापत्रक नेमकं उलटं सांगतं. लंडनहून न्यूयॉर्कला, म्हणजे पश्चिमेला, जायला जास्त वेळ लागतो. पृथ्वी तिच्याभोवतीच्या हवेला सोबत घेऊन फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. धावत्या आगगाडीच्या डब्यात चेंडू वर फेकला तर तो आपल्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही, तसंच हे.

फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या हालचालीने. नदीत नाव वल्हवणाऱ्याचा विचार करा. वल्ह्याचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागे पडतो आणि प्रवाहाविरुद्ध जाताना हलता हलत नाही. विमानाचेही असेच दोन वेग असतात. एक हवेतला वेग, म्हणजे आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ते किती वेगाने जातं. मोठ्या प्रवासी विमानांचा हा वेग आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. वरच्या थंड हवेत तो ताशी सुमारे ९०० किलोमीटर भरतो. दुसरा वेग जमिनीच्या तुलनेतला. वारा पाठीशी असेल तर तो हवेतल्या वेगात मिळवायचा, समोरून असेल तर वजा करायचा. प्रवासाला लागणारा वेळ या दुसऱ्या वेगावर ठरतो.

आणि वरचा वारा म्हणजे झुळूक नव्हे. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, नेमकी जिथे विमानं उडतात तिथे, दोन्ही गोलार्धांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातला फरक त्यांना जोर देतो, आणि पृथ्वीचं फिरणं त्यांना पूर्वेकडे वळवतं. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो, पण असा आडवाटेने, वाऱ्याच्या मार्फत. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा या वाऱ्यांचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात तापमानाचा फरक वाढतो तेव्हा तो कधी ४०० च्या आसपास जातो.

हे वारे सर्वांत आधी पद्धतशीरपणे मोजणाऱ्यांत जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी होते. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून, त्यांचा माग काढून वरच्या हवेतल्या या वेगवान वाऱ्यांच्या नोंदी केल्या. जगाला वाचता यावं म्हणून त्यांनी तो अहवाल एस्परांतो या, सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या पण फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत लिहिला, आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये जपानवर फार उंचीवरून उडणारी अमेरिकन बॉम्बफेकी विमानं याच वाऱ्यांत सापडली, तेव्हा बाकीच्या जगाला त्यांची खरी ताकद कळली. ओइशींची मेहनत तोवर जवळपास वीस वर्षं पडून होती, याची मला नेहमी हळहळ वाटते.

वारा काय करू शकतो ते ८ फेब्रुवारी २०२० च्या रात्री दिसलं. कियारा नावाचं वादळ अटलांटिकवर होतं आणि जेट स्ट्रीम जोरात होता. ब्रिटिश एअरवेजचं न्यूयॉर्कहून निघालेलं बोइंग ७४७ चार तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. जमिनीच्या तुलनेत त्याने ताशी १,३०० किलोमीटरचा आकडा ओलांडला. समुद्रसपाटीवर आवाजाचा वेग असतो ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर. म्हणजे त्याने आवाजाचा वेग मोडला का? नाही. ज्या हवेत ते होतं ती हवाच धावत होती, आणि त्या हवेच्या तुलनेत ते नेहमीसारखंच चाललं होतं. आवाजापेक्षा खरंच वेगाने जाणारं कॉन्कॉर्ड ७ फेब्रुवारी १९९६ रोजी हाच प्रवास दोन तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत करून गेलं होतं.

जाताना वारा विरुद्ध, येताना पाठीशी, मग एकूण हिशेब बरोबरीत सुटत असेल असं वाटतं. तो सुटत नाही. ९,००० किलोमीटर अंतर घ्या, हवेतला वेग ९००. वारा नसेल तर जायला दहा तास, यायला दहा, एकूण वीस. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरा. त्याच्याबरोबर जाताना वेग १,०००, वेळ नऊ तास. विरुद्ध येताना वेग ८००, वेळ सव्वाअकरा तास. एकूण सव्वावीस. एक तास वाचला आणि सव्वा तास गेला, कारण विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ काढतं आणि पाठच्या वाऱ्यात कमी. वारा जितका जोरदार तितका हा तोटा मोठा. रीडिंग विद्यापीठातले पॉल विल्यम्स यांनी २०१६ मध्ये लंडन–न्यूयॉर्क मार्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून जेट स्ट्रीम बळावला तर पूर्वेकडची उड्डाणं आणखी लवकर पोचतील, पश्चिमेकडची आणखी रेंगाळतील, आणि दोन्ही मिळून लागणारा वेळ वाढेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

लांबची वाट, लवकर पोच

इथवर आल्यावर पुढची गोष्ट नवलाची वाटणार नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने आपलं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. नव्या वाटेने अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढलं आणि १५,३०० किलोमीटरपर्यंत गेलं. तरीही विमान साडेचौदा तासांत, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर पोचलं. सगळी वाट पूर्वेकडे, वारा पाठीशी. परत येताना अटलांटिकवरून आलं की तेही पूर्वेकडेच, म्हणजे पुन्हा वारा पाठीशी, आणि येऊन-जाऊन पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा.

सिंगापूर–न्यूयॉर्क हे नियमित उड्डाणांपैकी सर्वांत लांब उड्डाण. तिथेही तसंच. सर्वांत जवळची वाट ध्रुवावरून जात असल्यामुळे पूर्वेकडून गेलं काय आणि पश्चिमेकडून गेलं काय, अंतरात फार फरक पडत नाही. मग निर्णय वाऱ्यावर सोपवता येतो. हवामानाचा अंदाज पाहून त्या दिवशीची वाट ठरते, कधी उत्तर पॅसिफिकवरून, कधी अटलांटिक आणि युरोपवरून.

उत्तर अटलांटिकवर तर वाटा रोज नव्याने आखतात. कॅनडातलं गँडर आणि पलीकडे ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज घेऊन दिवसातून दोनदा समांतर हवाई मार्ग जाहीर करतात. पूर्वेकडे जाणारे मार्ग जेट स्ट्रीमच्या पोटात घालतात, पश्चिमेकडचे त्याच्यापासून दूर. काल ज्या वाटेने विमान गेलं त्याच वाटेने ते आज जाईल याची खात्री नसते.

जिथून जाता येत नाही

दोरा ताणून मिळालेली वाट प्रत्यक्ष आकाशात मोकळी असेलच असं नाही. हेलसिंकी ते टोकियो अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, वाट जवळजवळ पूर्ण रशियावरून. २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत फिनलंडच्या फिनएअर कंपनीची विमानं ती साडेनऊ-दहा तासांत कापत. युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश त्यांना बंद झालं आणि तीच विमानं उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेचा वळसा घेऊन सुमारे १२,९०० किलोमीटर उडू लागली, वेळ गेला तेरा तासांवर. दोन विमानतळांमधलं छापील अंतर मात्र अजूनही ७,८०० च आहे. शीतयुद्धातही असंच होतं. १९५७ मध्ये एसएएस या विमान कंपनीने कोपनहेगन–टोकियो सेवा ध्रुवावरून सुरू केली तेव्हा अलास्कातल्या अँकरेजला थांबा घ्यावा लागे.

तिबेटचं पठार कोणी बंद केलेलं नाही, तरी विमानं सहसा ते टाळतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,००० मीटरपर्यंत झटकन उतरावं लागतं. वरून पडणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटर आहे, उतरणार कुठे?

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन आहे. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात एखाद्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे. १९५३ मध्ये अमेरिकेत ही मर्यादा ६० मिनिटांची होती, त्यामुळे मोठे महासागर थेट ओलांडता येत नसत. १९८५ मध्ये ती काही विमानांसाठी १२० मिनिटं झाली, पुढे १८०, आणि २०१४ मध्ये एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळाली. इंजिनांवरचा विश्वास वाढत गेला तसतशा वाटा बृहद्‌वृत्ताजवळ सरकत गेल्या. सिडनी–सँटियागो मार्गावर ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने अनेक वर्षं चार इंजिनांचं ७४७ ठेवलं होतं, कारण त्या समुद्रात उतरायला जवळपास विमानतळच नाहीत.

लांबच्या प्रवासात इंधनाचंही एक दुष्टचक्र असतं. सिंगापूर–न्यूयॉर्कसाठीचं खास ए३५० विमान १,६५,००० लिटर इंधन घेऊ शकतं. त्याचं वजन सुमारे १३० टन, आणि विमानाला उडताना परवानगी असते एकूण २८० टनांची. म्हणजे सुरुवातीचे कित्येक तास विमान पुढच्या तासांचं इंधनच वाहत असतं, आणि ते वाहण्यासाठीही इंधन जाळतं. जड असताना ते फार उंच जाऊ शकत नाही. हलकं होत जाईल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. शक्य तितक्या वेगाने जाणं परवडत नाही ते यामुळेच.

तिकिटावरचा वेळ कसा वाचायचा

वेळापत्रकातला ‘प्रवासाचा वेळ’ हा हवेतला वेळ नसतो. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते निघाल्यापासून मुक्कामी पुन्हा लागेपर्यंतचा हा वेळ असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांग, वळणं घेत वर चढणं, उतरण्याआधी घिरट्या, सगळं त्यात येतं. शिवाय कंपन्या थोडा वेळ जास्तीचा धरतात, म्हणून उशिरा निघालेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं.

निघण्याची वेळ त्या शहराच्या घड्याळातली आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहरातली असते. थेट वजाबाकी केली की गोंधळ होतो. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या, मग वजाबाकी करायची. हिवाळ्यात टोकियोहून सोमवारी संध्याकाळी पाचला निघालेलं विमान लॉस एंजेलिसला सोमवारीच सकाळी दहाच्या सुमारास उतरतं, म्हणजे निघण्याआधी सात तास! टोकियोचं घड्याळ १७ तास पुढे आहे. टोकियोत पाच वाजले तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सोमवार नुकता लागत होता, प्रवास झाला दहा तासांचा. परतीला समोरचा वारा, सुमारे बारा तास. सोमवारी दुपारी बाराला निघालात तर टोकियोत मंगळवारची संध्याकाळ.

याहून विलक्षण जोडी सामोआ आणि अमेरिकन सामोआ. दोन्हींमध्ये अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, उड्डाण अर्ध्या-पाऊण तासाचं. पण सामोआने २०११ च्या अखेरीस ३० डिसेंबर हा दिवस पूर्ण वगळून वाररेषेच्या पलीकडची बाजू धरली. आता दोन्हीकडच्या घड्याळांत तेच वाजलेले असतात, कॅलेंडरात मात्र एका दिवसाचा फरक. सामोआहून आज निघालात तर तिकडे काल पोचता.

घरबसल्या अंदाज काढायचा तर मी अंतराला ८५० ने भागून त्यात ४० मिनिटं मिळवते. सिंगापूर–न्यूयॉर्क: १५,३४९ भागिले ८५० म्हणजे अठरा तास, अधिक ४० मिनिटं, वेळापत्रकाच्या अगदी जवळ. पर्थ–लंडन १४,४९९ किलोमीटर, हिशेबाने पावणेअठरा तास, तेही जुळतं. टोकियो–लॉस एंजेलिस ८,८१० किलोमीटर, हिशेबाने अकरा तास. खरा वेळ एका दिशेला दहा आणि दुसऱ्या दिशेला बारा. हिशेब बरोबर मधोमध बसतो, दोन्ही बाजूंचा एकेक तास वाऱ्याचा. म्हणून पूर्व-पश्चिम लांबच्या प्रवासात पूर्वेला जाताना थोडं वजा करा, पश्चिमेला थोडं मिळवा. मध्ये थांबा असेल तर प्रत्येक टप्प्याचा वेगळा हिशेब करून थांब्याचा वेळ त्यात घाला. थेट अंतराचा तिथे काही उपयोग नाही.

पृथ्वीवर कुठल्याही दोन जागा फार तर २०,००० किलोमीटर लांब असू शकतात, त्यापुढे गेलं की दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागतात. सिडनी–लंडन १७,००० किलोमीटर आहे. २०१९ मध्ये क्वांटासने लंडनहून सिडनीला चाचणीचं उड्डाण केलं ते १९ तास १९ मिनिटांचं होतं. त्याही पलीकडची जोडी माद्रिद आणि न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. अंतर सुमारे १९,८५० किलोमीटर, दोन्ही जवळजवळ एकमेकांच्या पायाखाली. गोलावर या दोघांमध्ये दोरा ताणून पाहा. तो एका जागी ठरतच नाही. उत्तरेवरून घ्या, पूर्वेवरून घ्या, अंटार्क्टिकावरून घ्या, लांबी जवळपास तीच. या मार्गावर थेट उड्डाण अजून कोणी करत नाही. ज्या दिवशी होईल त्या दिवशी नकाशा वैमानिकाला काहीच सांगू शकणार नाही, आणि कोणत्या दिशेला निघायचं हे फक्त वाऱ्याला विचारावं लागेल.